न वाजणारी डबी

सोफे भरणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाच्याच सोफ्यावर झोपू नये, हे कळायला काही शाळेत जावं लागत नाही. पण तो झोपला. पट्टे ताणून झाले, स्प्रिंगा बांधून झाल्या, स्पंज कापून बसवला, आणि नीट बसलाय का बघू म्हणून जो टेकला तो गेलाच. स्टेपलची बंदूक पोटावर, तोंड उघडं आणि गालावर स्पंजाची नक्षी उमटलेली.

"अरे, सोफा गिऱ्हाइकाला द्यायचाय की तुलाच ठेवून घ्यायचाय?" कव्हरं शिवणाऱ्या मावशींनी मशीन थांबवून विचारलं.

तो दचकून उठला. पूर्वी त्याने असं काही उत्तर दिलं असतं की मावशींना दोरा ओवता ओवता हसू आवरलं नसतं. आज तो फक्त "सॉरी मावशी" म्हणाला आणि बंदूक उचलायला लागला. ती उचलायला त्याला दोन्ही हात लागले.

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुला कसला नाद लागलाय का रे? खरं सांग. डोळे बघ आरशात. इतकी वर्षं कसा हसतमुख होतास, सगळ्यांना हसवायचास. आणि आता हे काय सोंग?"

आता यावर माणसाने हसावं की रडावं? इतकी वर्षं हा गडी रोज संध्याकाळी गांजा ओढत होता, कधी कधी दुपारच्या सुट्टीतसुद्धा, आणि मावशींच्या लेखी तो सज्जनांचा मुकुटमणी होता. सोडल्यावर व्यसनी ठरला. सांगून टाकावं असं त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण सांगायचं म्हणजे समजावायचं, समजावायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायला अंगात जीव लागतो. "झोप होत नाही हो," एवढंच तो म्हणाला. "मग घरी जा," मावशी म्हणाल्या. "मालकांना मी बघते."

झोपेचं सगळं उफराटंच झालं होतं. रात्री गादीला पाठ लागली की डोळे टक्क उघडे, घामाने उशी चिंब. डोळा लागलाच तर अशी स्वप्नं पडायची की जागं राहिलेलं परवडलं. दिवसा मात्र उभ्या उभ्या पेंग. पहिला घास तोंडात घोळत राहायचा, गिळवायचा नाही. कुणी चमचा जरा जोरात ठेवला तरी टाळकं सणकायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कशातच काही वाटायचं नाही. पाऊस आला काय, ऊन पडलं काय, सगळं भिजलेल्या स्पंजासारखं जड आणि बेचव. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शरीराला सवय मोडायला वेळ लागतो. थकवा जाईल. धीर धरा." सांगायला काय जातं! धीर धरायचा तर तो धरायला तरी हातात ताकद हवी ना?

सोडलं कशासाठी, ते एकदा सांगून टाकलेलं बरं.

त्याला एक मुलगी. पहिलीत जाणारी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं बटण, सोफ्याच्या पाठीला लावतात तसलं, आणि घरात तेच चिकटलं. एका संध्याकाळी तो तिला घेऊन बाजारात गेला. जायच्या आधी गॅलरीत उभं राहून ओढून झालं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत. भाजी घेतली, अंडी घेतली, एकही अंडं न फोडता गाणी म्हणत घरी आला. बायकोने दार उघडलं आणि त्याच्या मागे पाहिलं. "बटण कुठंय?"

आणि तो हसला. आधी हसला, हे तो मरेपर्यंत विसरणार नाही. पिशव्यांच्या मागे लपली असेल असं वाटून त्याने वळूनसुद्धा पाहिलं. मग तो धावला. मुलगी बुटांच्या दुकानात स्टुलावर बसली होती, कुणाच्या तरी मोठ्या बुटांत पाय घालून ते हलवत. त्याला बघताच तिने टाळ्या वाजवल्या. "बाबा, तू हरलास! किती वेळ लागला तुला शोधायला!" दुकानदार त्याच्याकडे असा बघत होता की बापाने एक शब्दही काढला नसता तरी चाललं असतं. पण तो बोलला. "हो गं," तो म्हणाला, "हरलो मी."

बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. इस्पितळाच्या लाँड्रीत ती चादरी धुते. कुठला डाग निघतो आणि कुठला नाही हे तिला बघूनच कळतं. ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गांजाची डबी उचलली आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकली. चपटी, पत्र्याची, बारीक खिळ्यांची जुनी डबी होती ती. झाकणावर अजून खिळ्याचं चित्र होतं.

तर मावशींनी हाकलल्यावर तो घरी आला. बायको संध्याकाळच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, तो ओला झाला, तो तिने पदराला पुसला. "सूप करून ठेवलंय. दोन चमचे तरी घ्या. आणि बटण हत्तीचं म्हणेल. जमलं तर बघा." दारातून ती परत फिरली. "धरून राहा हो," म्हणाली आणि गेली.

हत्ती म्हणजे उरलेल्या मखमलीचा त्याने शिवलेला हत्ती. एक कान निळा, एक तपकिरी. या हत्तीला कायमचं पडसं झालेलं. नाकातून बोलायचा, मधेच शिंकायचा आणि शिंकेने स्वतःच पलंगावरून खाली पडायचा. पूर्वी हा कार्यक्रम तासभर चालायचा. बटण हसून हसून उचक्या द्यायला लागायची.

मुलीने हत्ती आणून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने स्वतःचं नाक दाबलं आणि तो म्हणाला, "काय गं... आज शाळेत काय केलंस?" आवाज आला, पण कसा? एखाद्याने ओळखीचा पत्ता वाचून दाखवावा तसा. त्याने शिंक काढली. हत्ती पलंगावरून पडला.

मुलगी हसली नाही. तिने हत्ती उचलला, झटकला. "हा हत्ती नाहीये," ती म्हणाली. "हा तूच आहेस."

"मग नसू दे!" तो ओरडला. "जा तिकडे! डोकं खाऊ नकोस माझं!"

ती गेली. आत जाऊन रडेल असं त्याला वाटलं, आणि उठून तिच्याकडे जावं असंही वाटलं. पण उठणं म्हणजे एक डोंगरच होता. आपल्या पोरीवर ओरडलो याची लाज वाटायला हवी तेवढीसुद्धा वाटत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. तो तसाच भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळाने ती आली. हातात बाहुलीची गोधडी, गुंडाळी केलेली. तिने ती जमिनीवर उलगडली. आत डबी होती.

"बाबा, तुझं औषध."

"ही... ही कुठून आणलीस तू?"

"तू चुकून कचऱ्यात टाकलीस ना. मी काढून ठेवली. पुसली पण." तिने डबी कानाशी धरून हलवली. "तू म्हणतोस यात खिळे आहेत. पण ही वाजतच नाही."

"तुला कोणी सांगितलं हे औषध आहे म्हणून?"

"मला माहितीये. हे घेऊन तू गॅलरीत जातोस. मग परत आलास की हत्ती बोलतो." तिने डबी त्याच्या हातात दिली. "औषध संपलं म्हणून तू आजारी पडलास ना? घे. मी आईला नाही सांगितलं."

त्याने झाकण उघडलं. वास आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी भूक लागली. तोंडाला पाणी सुटलं. मेलेलं अंग एकदम जागं झालं. फक्त एकदा. आजच्यापुरतं. पोरीला तिचा हत्ती मिळेल, आपल्याला झोप मिळेल, यात कुणाचं काय जातंय? ज्याने हे कधी सोडून पाहिलेलं नाही त्याने त्याला नावं ठेवू नयेत. तो उठला. डोंगर वगैरे काही आड आलं नाही, पटकन उठला. आणि त्याच्या आधी धावत जाऊन मुलीने टाचा उंच करून गॅलरीच्या दाराची कडी काढून दिली.

"आणि बाबा, उद्या आपण तो खेळ पण खेळू," ती खुशीत म्हणाली. "बुटांच्या दुकानातला. पण या वेळी लवकर शोध हं. मागच्या वेळी मला शू लागली होती. खूप लागली होती. तरी मी रडले नाही. रडलं की हरतो ना आपण?"

तो गॅलरीच्या उंबऱ्यात थांबला. डबी हातात उघडीच होती. मग तो खाली बसला, तिच्या उंचीचा झाला.

"बटण, तो खेळ नव्हता."

"होता."

"नव्हता बाळा. मी तुला लपवलं नव्हतं. मी तुला विसरलो होतो. घरी आलो तरी मला कळलं नाही. आईने विचारलं तेव्हा कळलं."

तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागची हलताना त्याला दिसली. "पण तू म्हणालास, हरलो."

"खोटं बोललो मी."

"या औषधाने?"

"हे औषध नाही गं. याने हत्ती बोलतो, आणि यानेच मी तुला विसरतो. दोन्ही यानेच." रडू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ते आलं आणि थांबेना. मुलीने त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, जवळही आली नाही. जागच्या जागी उभी राहून तिने विचारलं, "मग हत्ती आता बोलणारच नाही?"

बोलेल म्हणणं किती सोपं होतं! "मला माहीत नाही," तो म्हणाला.

संडासात त्याने डबी पालथी केली आणि साखळी ओढली. पाणी गेलं तिकडे मुलगी बघत होती. तिला तो हत्ती बुडताना दिसत असणार. मग ती आपणहून जाऊन झोपली, हत्ती न घेता. त्याने दोन चमचे सूप घेतलं, कारण बायकोला तसं कबूल केल्यासारखं होतं. ते त्याला बेचवच लागलं.

सकाळी तो तिला शाळेत सोडायला निघाला. पाय ओढत का होईना, निघाला. रस्ता बाजारातूनच जातो. एरवी बटण पुढे पळायची, दुकानांच्या पायऱ्या चढायची उतरायची, आणि त्याला हाका मारून मारून दमावं लागायचं. आज ती पळाली नाही. तिने त्याचा हात धरला नाही, तर त्याच्या शर्टाचं टोक मुठीत पकडलं, घट्ट, आणि पावलाला पाऊल लावून चालायला लागली. त्याने हात पुढे केला तरी तिने शर्ट सोडला नाही.

बुटांचं दुकान आलं. दुकानदार शटर वर करत होता. तिने तिकडे पाहिलं आणि शर्टाला हलकासा हिसका दिला.

"बाबा, मी इकडे आहे हं."

"हो बाळा," तो म्हणाला.

चार पावलं झाली. परत हिसका.

"बाबा, मी इकडे आहे."

"हो."

शाळेच्या फाटकापर्यंत ती त्याला सांगत राहिली, आणि दर वेळी तो हो म्हणाला.