मुंग्यांना नावं ठेवू नका

प्रसूतिगृहात तेहतीस वर्षं आयाचं काम करून मावशी निवृत्त झाल्या आणि घरच्यांच्या नाकी नऊ आले. चमचे कुठे ठेवायचे, नातवाने कोणत्या कुशीवर झोपायचं, सगळ्यात त्यांचं लक्ष. तिसऱ्या महिन्यात सून गोड आवाजात म्हणाली, "आई, मुंग्यांच्या संशोधन केंद्रात लोकांना माहिती सांगायला माणसं हवी आहेत. पगार नाही, पण चहा मिळतो."

"म्हणजे दिवसभर मी घरात नको."

"तसं नाही हो. संध्याकाळी यायचंच की."

मावशींना हसू आलं. सोमवारी त्या केंद्रात हजर झाल्या.

तिथल्या डॉक्टरबाई वयाने लेकीसारख्या, पण शिस्तीला हेडनर्सच्या वरताण. लांबलचक खोलीत काचेची दोन घरं होती आणि दोन्हींना जोडणारी नळी. डावीकडे राणी आणि अळ्या, उजवीकडे साखरपाण्याची ताटली. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर रंगाचे बारीक ठिपके, त्यावरून तिचा नंबर. डॉक्टरबाईंनी दोन पानं माहिती पाठ करायला दिली. मावशींनी ती केली आणि पहिल्याच गटासमोर सगळी विसरल्या. मग जे दिसत होतं तेच सांगायला लागल्या.

"ही थोरली जाऊ. नुसती इकडून तिकडे मिरवते, कामाच्या नावाने शंख. आणि ही धाकटी. ओझं ओढून कंबर मोडली बिचारीची."

लोक खो खो हसले. डॉक्टरबाई मागेच उभ्या होत्या.

"मावशी, मुंग्यांना नावं ठेवू नका."

"मी कुठे ठेवली? नुसती दिली. ठेवायचीच झाली तर राणीपासून सुरुवात करीन. दिवसभर लोळत असते."

"ती अंडी घालते."

"अगंबाई, बाळंतीण आहे होय! मग लोळू दे."

केंद्राची लाडकी होती सतरा नंबर. पाठीवर एक पिवळा ठिपका, एक लाल. बाकीच्या मुंग्या एक तर अळ्या सांभाळायच्या, नाही तर अन्न आणायच्या. सतरा नंबर दोन्ही करायची. डॉक्टरबाईंनी तिच्यावर मोठा लेख लिहिला होता आणि तो वाचून त्यांचे स्वतःचे गुरू, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, गुरुवारी तिला बघायला येणार होते.

"घरचं आणि बाहेरचं दोन्ही करते, यात नवल ते काय?" मावशी म्हणाल्या. पण ही बया दमत कशी नाही, हे त्यांना खटकत राहिलं. बुधवारी दुपारी त्यांनी दोन्ही घरांच्या मधोमध स्टूल ओढलं आणि एक डोळा इकडे, एक तिकडे ठेवून बसल्या. तासाभराने उठल्या आणि थेट डॉक्टरबाईंकडे गेल्या. त्या उद्याच्या भाषणाची तयारी करत होत्या.

"मावशी, आज एक शब्दही नको. आणि उद्या सरांसमोर तर मुळीच नको."

गुरुवारी मोठे सर आले. डॉक्टरबाई छान बोलल्या. सरांनी कौतुकाने मान डोलावली आणि सहज मावशींकडे वळले. "तुम्ही तर रोज बघता हिला. काय म्हणते?"

मावशींनी ओठ घट्ट मिटले.

"का हो?"

"बोलायचं नाही असं ठरलंय, साहेब."

"मी सांगतोय, बोला."

"ही एकटी नाही हो, या दोघी आहेत! एक आत बाळं बघतेय, दुसरी ती तिथे ताटलीवर. तिचा पांढरा ठिपका पुसलाय. तेहतीस वर्षं बाळांच्या मनगटाला बिल्ले बांधलेत मी, एकही अदलाबदल नाही. बिल्ला सुटलेलं बाळ मला लांबून कळतं."

डॉक्टरबाईंनी भिंग उचललं. बराच वेळ त्या ओणव्याच राहिल्या. ताटलीवरच्या मुंगीच्या पाठीवर पिवळ्या आणि लाल ठिपक्यांशेजारी पांढऱ्या रंगाची खपली शिल्लक होती. ती होती बेचाळीस नंबर. केंद्रात आतल्या नोंदी सकाळी होत, बाहेरच्या दुपारी. दोघींना एकदम कुणी पाहिलंच नव्हतं.

मग मोठे सर खाकरले. "मी असाच एक लेख छापून बसलो होतो. मला मावशी भेटल्या नाहीत."

सर गेल्यावर डॉक्टरबाई आपल्या खोलीत दार लावून बसल्या. मावशी चहा घेऊन गेल्या. "चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"काल तुम्ही हेच सांगायला आला होतात ना? मी ऐकून घेतलं नाही."

"पहिलटकरीण कधी कुणाचं ऐकत नाही. मी मनावर घेतलं नाही."

डॉक्टरबाईंना इतकं हसू फुटलं की चहा टेबलावर सांडला. लेख तर बोंबललाच होता. कप खाली ठेवून त्या रंगाची बाटली आणि ब्रश घेऊन आल्या. मुंगी थंड पडावी म्हणून तिला बर्फावर ठेवलं. मावशींनी भिंग धरलं आणि त्या हळूच पुटपुटल्या, "जरासं गार लागेल हं, सोने."

दोनदा ब्रश घसरला. तिसऱ्यांदा ठिपका नीट बसला. काचघरात सोडल्यावर बेचाळीस नंबर जरा वेळ लटपटली आणि सरळ साखरपाण्याकडे निघाली. डॉक्टरबाईंनी कोरी वही उघडली आणि पहिली ओळ लिहिली. ती बरोबर आहे ना, हे बघायला मावशी त्यांच्या खांद्यावरून वाकल्या होत्याच.