सासरेबुवांची दलदल

ज्या माणसानं दोन महिने सूर्याशिवाय काढले, उणे चाळीसमध्ये गाडी चालू केली आणि जून महिन्यात डासांना रक्त पाजून वर हसून दाखवलं, त्याला या पृथ्वीवर कशाचंही भय उरत नाही. आम्ही उत्तरेकडची माणसं पोलादाची आहोत.

गेल्या ऑगस्टात आमच्या घरातली अशी तीन पोलादी माणसं एका बादलीला घाबरून स्वयंपाकघरात गप्प उभी होती. मी, माझी बायको रायली आणि सासूबाई व्हिएनो.

बादलीत हिल्ला होत्या. दलदलीत उगवणारं हे फळ कच्चं असताना लालभडक असतं आणि पिकलं की मधासारखं पिवळं होतं. बाकीच्या जगात जे चालतं त्याच्या हे बरोबर उलटं, पण इथल्या रांगत्या पोरालाही ते ठाऊक असतं. सासरेबुवांनी भरून आणलेली बादली काठोकाठ लाल होती.

"कशा आहेत?" त्यांनी विचारलं. विचारताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

रायलीनं तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्या पायावर पाय दिला.

"सुरेख," सासूबाई म्हणाल्या. "रंग तर काय आलाय यंदा!"

"आलाच पाहिजे," सुलो म्हणाले आणि बूट काढायला बसले. माझे सासरे सुलो. वय एक्क्याऐंशी. साठ वर्षं नदीत जाळी टाकली. थंड पाण्यानं बोटांना कधीच सेवानिवृत्त करून टाकलं होतं, त्यामुळे कच्चं-पिकलं हाताला कळायचा प्रश्न नव्हता. सगळी भिस्त डोळ्यांवर. ते डोळेही कामावर येत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. आम्हाला कळलं. आम्हाला कळलंय हे आम्ही त्यांना कळू दिलं नाही.

सासूबाईंनी दुप्पट साखर घालून मुरंबा केला. सतरा बरण्या. दर रविवारी भाजलेल्या चीजवर तो घातला जायचा आणि आम्ही सगळे तो खाऊन डोळ्यांत पाणी आणायचो.

"रडतोस काय, जावईबापू?" सुलो विचारायचे.

"चव आहे, बाबा."

"दक्षिणेकडे कुठं मिळायची असली!"

मी मूळचा दक्षिणेकडचा. बावीस वर्षं या घरात आहे, इथल्या बर्फात माझे दोन दात पडलेत, तरी गावाच्या हिशेबी मी अजून पाहुणाच. सासरेबुवांच्या हिशेबी तर गुप्तहेर. कारण आमच्याकडे माणसाला पगार विचारलेला चालतो, मूळव्याध विचारलेली चालते, पण 'हिल्ला कुठून आणल्या' हे विचारायचं नसतं. बाप मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. ज्याची दलदल त्याच्या पोटात. पुढं मागं कुणाला द्यायचीच असेल, तर हाताला धरून तिथं नेऊन उभं करायचं. तोंडानं सांगणं म्हणजे गावजेवण घालणं.

शेजारचा औला रेनडिअर राखतो. सुलो कुठं जातात ते शोधायला त्यानं अकरा उन्हाळे त्यांच्या होडीच्या मागं होडी घातली. अकरा वेळा त्याला फक्त सर्दी झाली.

नोव्हेंबरात सूर्य गेला. तो काळ आमच्या घरात फार सुखाचा गेला. अंधारात आम्हालाच काही दिसत नव्हतं, त्यामुळे सगळे एका पातळीवर आले. उलट मी बॅटरी घेऊन सौनाकडे, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराकडे, जाताना दोनदा आपटलो आणि सुलो नुसते पायांच्या सवयीनं सरळ गेले. "आंधळा आहेस का?" असंही वर मला विचारलं.

फेब्रुवारीत उजेड परत आला, आणि त्यांना दिसत नाही हे ठळक दिसायला लागलं. कॉफी कपाच्या शेजारी ओतली जायला लागली. रायलीनं शेवटी त्यांना चार तासांवरच्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाली, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शिल्लक आहेत. ज्याच्याकडे बघाल ते दिसणार नाही, त्याच्या शेजारचं दिसेल.

"चालेल," सुलो म्हणाले. "मधे टीव्हीच असतो."

तेव्हापासून त्यांना आमचा चेहरा पाहायचा असला की ते कॅलेंडरकडे का बघतात, याचा उलगडा झाला. आम्ही शहाणे झालो. बोलायचं असलं की आपणहून कॅलेंडरच्या जरा डावीकडे जाऊन उभे राहायचो. सासूबाईंनी तर आपली खुर्चीच कायमची तिथं सरकवली. का, ते बोलल्या नाहीत. "इथं गरम वाटतं," एवढंच.

मे महिन्यात नदीचा बर्फ फुटला. दरवर्षी सुलो काठावर उभे राहून सगळ्यांना ओरडून सांगायचे, कुठला तुकडा कुठं अडकणार. या वर्षी ते टोपी काढून नुसते ऐकत उभे राहिले. सासूबाई शेजारी उभ्या राहून हलक्या आवाजात सांगत होत्या, "औलाचा होडीचा धक्का गेला. आता त्याचं बाकडं गेलं. आता औला धावतोय."

"शिव्या देतोय का?"

"मोठ्यानं."

"मग ठीक," सुलो म्हणाले.

जुलै लागला, सूर्य तर केव्हाच मावळायचा बंद झाला होता, आणि घरात कुणी हिल्लाचं नाव काढीना. रायलीनं ठरवलं होतं, बाबांना एकट्याला दलदलीत जाऊ द्यायचं नाही. सुलोंनी ठरवलं होतं, एकट्याशिवाय जायचं नाही. एके दिवशी जेवताना भडका उडालाच.

"बाबा, तिथं पाय अडकला तर कुणाला हाक माराल? आम्हाला तर माहीतही नाही कुठं शोधायचं!"

"मग शोधू नका."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर ती जागा माझ्याबरोबर जाईल. माझ्या बापानं दिली, मी नेईन."

रायली ताट तसंच ठेवून बाहेर गेली आणि फोडलेलंच लाकूड पुन्हा फोडायला लागली.  सुलो कॅलेंडरकडे न बघता, टेबलाकडे बघत म्हणाले, "मासे गेले. गाडी गेली. आता हेही काढून घ्या." तेवढंच. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडून तक्रार मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली, आणि मी उगाच उठून मुरंब्याची बरणी शोधायला लागलो. मुरंबा नव्हता, तो संपला होता.

सासूबाईंनी मला गोठवणपेटीपाशी गाठलं.

"तू जाणार आहेस त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

"मी विचारू त्यांना?"

"वेडा आहेस का? तो विचारील तुला. तू फक्त घरात सापडत राहा."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी सहज जाहीर केलं, "यंदा हिल्ला मी औलाकडून विकत घेईन म्हणते. दोन किलो पुरतील."

विकत. औलाकडून. सुलोंचा चमचा हवेत थांबला. आमच्याकडे विकतच्या हिल्ला म्हणजे भाड्यानं आणलेला नवरदेव. ते उठले, टोपी घातली, आणि टोपी काढून परत बसले. तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी लाकडं रचत होतो तिथं येऊन माझ्या कानाशेजारच्या बर्चच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

"जावईबापू, तोंड बंद ठेवता येतं का?"

"बावीस वर्षं बंदच आहे, बाबा. तुमची मुलगी आहे ना घरात."

ते हसले नाहीत. "आणि डोळे?"

त्यांनी खिशातून सासूबाईंचा लोकरी रुमाल काढला. मला होडीत बसवून डोळ्यांवर करकचून पट्टी बांधली आणि वल्ही हातात दिली. वल्हवणाऱ्याची तशीही पुढच्या दिशेला पाठच असते, त्यामुळे माझं फारसं नुकसान झालं नाही. सुकाणू त्यांच्या हाती. एकाला मधलं दिसत नाही, दुसऱ्याला काहीच नाही, आणि नदी भरलेली.

"बाबा, समोर काही आलं तर?"

"समोरचं दिसत नाही. शेजारचं सांगतो. डावीकडे बदक आहे."

तासभर प्रवाहाविरुद्ध वल्हवल्यावर आम्ही उतरलो. मग दोरीचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. चढण, उतार, ओढा, पुन्हा चढण. डासांना पट्टीची अडचण नव्हती. मी तीन वेळा पडलो, ते दोन वेळा. दर वेळी ते म्हणायचे, "इथं असंच असतं." दोन तासांनी पायाखालची जमीन मऊ झाली आणि दोरी थांबली.

"सोड पट्टी."

मी पट्टी सोडली. समोर सगळी दलदल पिवळी झाली होती. पाय ठेवायला जागा शोधावी लागेल इतक्या हिल्ला मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मी वर पाहिलं. खुरट्या बर्चच्या ओळीपलीकडे, फार तर चारशे पावलांवर, पत्र्याचं एक धुराडं होतं. त्यातून धूर निघत होता. धुराड्याला उजवीकडे एक जुना डाग होता. तो मीच पाडला होता, पंधरा वर्षांपूर्वी, रंग सांडून.

ती आमची सौना होती.

 म्हातारा चुकला, मला वाटलं. तीन तास धडपडत आला आणि फिरून आपल्याच घरामागं पोहोचला, नि त्याला ते दिसतही नाही. आता हे कोणी सांगायचं? कसं सांगायचं? मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत उभा राहिलो.

"धुराडं दिसतंय का?" सुलोंनी विचारलं.

"क... कुठलं?"

"आपलं. सौनाचं. ते डाव्या खांद्यावर धरून चालायचं, म्हणजे खोल पाणी लागत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "बाबा, ही आपल्या घरामागची दलदल आहे! जिनं तुमच्या मामाचा घोडा गिळला म्हणून तुम्ही आम्हाला तिकडे फिरकू देत नाही, ती!"

"मला मामा नव्हता," सुलो म्हणाले. "घोडा तर सोडच."

"आणि मग होडी? तीन तास?"

"औला होडीच्या मागं जातो. घराच्या मागं कोण बघतं?"

घराकडून कसलासा आवाज आला. बर्चच्या फटीतून दिसलं, सासूबाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं. चुकून नव्हे. जिथं बघायचं तिथंच पाहिलं. मग सर्वांत मोठी चादर उचलली, आमच्या बाजूच्या दोरीवर पसरली, कोपरे नीट ओढले आणि तिच्या आड गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की सुलो हिल्लाला जायचे त्या दिवशी आमच्या घरात नेमक्या चादरी धुवायला निघायच्या. दरवर्षी.

"पंचावन्न वर्षं झाली लग्नाला," सुलो समाधानानं म्हणाले, "व्हिएनोला पत्ता लागू दिला नाही."

"कमाल आहे," मी म्हणालो.

आम्ही वेचायला लागलो. ते हात पुढं करायचे, मी रंग सांगायचो.

"लाल."

"सोडली."

"पिवळी. लाल. त्याच्या पलीकडची पिवळी."

"ही?"

"ते माझं बोट आहे, बाबा."

असं बराच वेळ चाललं. अर्धी बादली भरली. मग ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"गेल्या वर्षीचा मुरंबा आंबट होता ना?"

"छे हो."

"सतरा बरण्या खाल्ल्यात तुम्ही." ते माझ्या शेजारच्या हवेकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच. "मला जानेवारीत कळलं. म्हटलं आता सांगतील, मग सांगतील. कोणी सांगेना. रायलीसुद्धा नाही, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग मीच म्हटलं, एवढ्या मुकाट्यानं खातायत, तर खाऊ देत."

 मी एक हिल्ला तोंडात टाकली. गोड होती.

"माझ्या बापानं मला इथं आणलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो," सुलो म्हणाले. आवाज जरा बदलला होता. "काही बोलला नाही. नुसता उभा राहिला. मला वाटलं होतं, मीही बोलणार नाही. पण तू दक्षिणेकडचा, तुला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. तर ऐक. आजपासून ही दलदल तुझी. डोळे तुझे, जागा तुझी. मी येत जाईन बरोबर, चालेल तितके दिवस. माझ्यामागं कुणाला द्यायची ते तू ठरव. पण नीट बघून दे. जो आंबट खाऊन गप्प बसेल, त्याला दे."

वारा पडला होता. डाससुद्धा मिनिटभर थांबल्यासारखे वाटले. बावीस वर्षांनी या माणसानं मला आपलं म्हटलं होतं, आणि त्याला साजेसं काहीतरी बोलायला हवं होतं. मी टोपी काढली. घसा साफ केला.

"बाबा, मी..."

"ते नंतर," सुलो म्हणाले. "आधी मला जरा ओढ. डावा पाय मघापासून आत चाललाय, आणि बूट नवा आहे."