बाईंचा डावा कान

वैशाखातली उतरती दुपार, मिशनच्या बोर्डिंगच्या पडवीसमोर लिंबाची विरळ सावली, आणि त्या सावलीत लाकडी स्टुलावर डोळे मिटून, मान जराशी वळवून, डावा कान पुढे करून बसलेल्या मार्थाबाई. त्यांची आठवण आली की मला आधी तो कान दिसतो. लहानपणी गोवर निघाला तेव्हापासून उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे. त्यामुळे माणसांचं दुःख आणि माणसांची लबाडी, दोन्ही त्या एकाच बाजूने आत घेत. कानाच्या पाळीत सोन्याऐवजी लिंबाची काडी असे. बोलणाऱ्याचं बोलणं संपलं तरी बाई लगेच डोळे उघडत नसत, आणि त्या मधल्या शांततेत आपण काय बोलून बसलो याचा बोलणाऱ्यालाच घाम फुटे.

अहमदपूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या बायबलबाई होत्या. म्हणजे गावोगाव चालत जायचं, घराघरांतल्या बायांना वचन वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, आणि बोर्डिंगमधल्या पोरांतून सेवेला लायक कोण हे पारखून त्याला घडवायचं. बाईंच्या हाताखालून गेलेली किती पोरं पुढे पाळक झाली, झगे घालून व्यासपीठावर चढली, हे सांगताना मंडळीला अभिमान वाटे. खुद्द बाई मात्र जन्मभर खाली सतरंजीवर बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना व्यासपीठावर उभं राहून चार शब्द बोला असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. हे लिहिताना मला संताप येतो, आणि त्या संतापातून मी स्वतःला वगळत नाही.

बाईंची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. प्रवचन कसं करावं हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्या आम्हाला बसायला शिकवत. मयताच्या घरी गेलं की दाराशी चप्पल काढायची, घरात पाणी आहे का बघायचं, नसेल तर घागर उचलून आणायचं, आणि मग रडणाऱ्या माणसाच्या शेजारी मुकाट बसायचं. त्या माणसाने आपण होऊन तोंड उघडेपर्यंत देवाचं नाव काढायचं नाही. एकदा देवणीकडच्या एका खेड्यात, तरणा मुलगा गेलेल्या म्हाताऱ्यापुढे मी पाठ केलेलं वचन घाईने म्हणून टाकलं, तर बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "त्याचं लेकरू गेलं, अन् तू त्याला पाठांतर म्हणून दाखवून राहिलास?"

बहात्तरच्या दुष्काळाने आम्हा सगळ्यांचीच घरं उघडी पाडली होती. विहिरींच्या तळाशी चिखलही उरला नव्हता, देवणीची ती देखणी गुरं दावणीला उभ्या उभ्या हाडांचा सापळा होत होती, आणि अख्खी गावं खडी फोडायला रस्त्याच्या कडेला येऊन बसली होती. त्या उन्हाचा रंग आजही माझ्या डोळ्यांतून जात नाही. पांढरा, कोरडा, कुणाचीही गय न करणारा. आमच्या वस्तीत अर्धी घरं बुद्धवंदना म्हणणारी, अर्धी आमची. पण खडीवर हातोडा पडायचा तो सगळ्यांचा एकाच आवाजात. त्या कामावर मिशनकडून पावडरीचं गरम दूध वाटलं जाई, आणि पातेल्याजवळ डोक्याला पदर गुंडाळून बाई उभ्या असत.

एलीशा तिथेच त्यांना सापडला. बाप आधीच गेलेला, आई खडीवर, आणि हा चौदा वर्षांचा, काळा, उंच, खांद्यातून वाकलेला. दुष्काळ सरल्यावर बाईंनी त्याला बोर्डिंगमध्ये आणलं आणि माझ्या शेजारी त्याची सतरंजी पडली. माझं वाचन चांगलं, आवाज चांगला, अक्षर मोत्यासारखं. एलीशा अडखळत वाचे. पण आजाऱ्याच्या घरी आम्ही दोघं गेलो की माणसं माझं ऐकत आणि हात त्याचा धरत. मला ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला माफी नाही.

चार वर्षांनी, आम्ही मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात, निवड समिती आली. तिघं जण होते: मंडळ्यांचे अधीक्षकसाहेब, त्यांचे चिटणीस आणि एक निवृत्त हेडमास्तर. पाळक घडवणाऱ्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेसाठी आमच्या भागातून एकच जागा होती, आणि उमेदवार दोन, मी आणि एलीशा. परीक्षा म्हणजे साक्ष द्यायची. देवाने आपल्याला सेवेसाठी कधी आणि कसं बोलावलं, ते पाचारण समितीपुढे उभं राहून सांगायचं. आमच्या वस्तीतला एक बौद्ध शेजारी हसून म्हणाला होता, "तुमचा देव बोलावतो बी, अन् वरून मुलाखत बी घेतो का रे?" तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, सगळ्या गावात शहाणं बोलणारा तो एकटाच होता.

बाईंनी आम्हाला तयारीसाठी एकच वाक्य दिलं. "खरं हाय ते सांगा, दुसरं काय बी सांगू नका." हीच बाईंची चूक. समितीला खरं ऐकायचं असतं असा त्यांचा भाबडा समज होता. बोर्डिंगमधली मोठी पोरं जास्त व्यवहारी होती. समितीला काय आवडतं याचा एक साचाच त्यांच्यात वर्षानुवर्षं चालत आला होता: बारावं वर्ष, कडक ताप, डॉक्टरांनी हात टेकलेले, स्वप्नात शुभ्र वस्त्रातला पुरुष, त्याने नाव घेऊन मारलेली हाक, आणि सकाळी ताप गायब. मी तो साचा उचलला आणि माझ्या गोड आवाजात ओतला. चिटणिसांचे डोळे पाणावले. बाई भिंतीशी बसल्या होत्या. मी बोलू लागलो तसा त्यांचा डावा कान सवयीने माझ्याकडे वळला, आणि ताप आला तिथे, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्यांनी मान फिरवली आणि बहिरा कान माझ्याकडे केला. बोर्डिंगमधल्या प्रत्येक पोराच्या कपाळावर पाण्याची पट्टी त्यांनीच ठेवलेली होती. मी बारा वर्षांचा, बोर्डिंगमध्येच असताना मला साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग एलीशा उभा राहिला. हात पाठीशी बांधून, जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, मला भुकेनं बोलावलं. खडीवर व्हतो मी. दुधाच्या रांगेत समदे नंबर इचारायचे. बाईनं नाव इचारलं. 'तुझं नाव काय बाळा' म्हणल्या, अन् मग दूध दिलं. तव्हाच मनात आलं, हे काम आपुन करायचं. एवढंच हाय, साहेब."

एवढंच! माझ्या उभ्या आयुष्यात मी याहून खरी साक्ष ऐकलेली नाही. पण समितीच्या कानांनी त्यातला पहिलाच शब्द पकडला आणि तिथेच दार लावून घेतलं. दुधासाठी, भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर, शाळेत, कचेरीत खाल्लेला. त्या टोमण्याची भीती इतकी मुरलेली की कुणी भूक हा शब्द उच्चारला तरी आमचीच माणसं अंग चोरतात. अधीक्षकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "पोटासाठी आलेला माणूस वेदीपाशी उभा करता येत नाही." हेडमास्तरांनी मान डोलावली. त्या तिघांच्याही घरचे आजोबा एखाद्या दुष्काळातच मिशनच्या दाराशी आले असतील, पण ते त्या दुपारी कुणाला आठवायचं नव्हतं.

शेवटी साहेबांनी रीत म्हणून विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी आजही त्या क्षणापाशी जाऊन उभा राहतो. पडवीत ऊन कललं होतं, कौलांच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या, आणि बाई पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर मी उघडा पडलो असतो. मला ते हवं होतं की नको होतं, हे मला सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, "न्हाई, साहेब."

का? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. एलीशाला समितीने नाकारलंच होतं; मलाही खोटं ठरवलं असतं तर ती जागा दुसऱ्याच भागाला गेली असती, आपली दोन्ही पोरं हातची गेली असती, असा हिशेब त्यांनी केला असेल. की साहेबांपुढे तोंड उघडायची सवयच त्यांना कुणी लागू दिली नव्हती? आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकत बसलेल्या बाईने बोलायच्या वेळी गप्प बसावं, याचा मला राग आहे. ज्यांनी तिला असं घडवलं त्यांचा त्याहून जास्त आहे. आणि या दोन रागांच्या आडोशाला मी स्वतः सुखाने राहिलो, याचा जो राग येतो त्याला तर मला नावच देता येत नाही.

मी शिकलो, पाळकपदाची दीक्षा घेतली. पहिली नेमणूक किनवटला झाली; सागाची जंगलं, वसतिगृहातली पोरं, लांबून ऐकू येणारी रेल्वे. तिथे असतानाच लातूर जिल्हा वेगळा झाला. पाट्या बदलल्या, कचेऱ्या आल्या, अहमदपूरच्या लोकांना वाटलं आता पाणीही नवं येईल. पाणी जिथल्या तिथेच राहिलं. आमच्या मंडळ्यांचीही नव्याने वाटणी झाली आणि मी अहमदपूरला पाळक म्हणून परतलो. पहिल्याच प्रभुभोजनाला बाई सगळ्यांत शेवटी पुढे आल्या, गुडघे टेकले आणि ओंजळ धरली. मी भाकरीचा तुकडा त्या ओंजळीत ठेवला. त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर अनेक वर्षं दर महिन्याला त्या अशाच येत राहिल्या, आणि मला पाळकसाहेब म्हणत राहिल्या.

एलीशा मोंढ्यात हमाली करत होता. रविवारी सर्वांत मागे, खांबाशी बसे. पण गावात कुणाच्या घरी माणूस अखेरचे श्वास घेऊ लागला की पहिला निरोप मोंढ्यात जाई. पोतं उतरवून, अंगावरची धूळ झटकून तो जाई आणि बसून राही. बौद्ध वस्तीतूनही त्याला बोलावणं येई. माझ्याकडे लोक दाखल्यासाठी येत, रडायला त्याच्याकडे जात. दीक्षा कुणाची खरी, हे मंडळीने कधीच ठरवून टाकलं होतं. आम्ही कागदवाले तेवढे उरलो होतो.

एका फाल्गुनात बाईंनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर त्यांनी हाताने मला डाव्या बाजूला बसवलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "पाळकसाहेब, माझ्या मातीला एलीशाला प्रार्थना करू द्या. एवढी एकच गोष्ट मागून राहिले." मी हो म्हणालो. त्यांचा हात हातात घेऊन, शपथेवर, हो म्हणालो.

तीन दिवसांनी बाई गेल्या. मातीला लातूरहून नवे अधीक्षक जीप घेऊन आले, सोबत दोन पाळक झगे घालून. कबरीच्या काठावर मंडळी उभी होती. ऊन तापत होतं. एलीशा माझ्यापासून दोन हातांवर, खोदून काढलेल्या मातीच्या ढिगापाशी, हातात फावडं घेऊन उभा होता. बाईंची इच्छा त्याला सांगणं माझ्या एका शब्दाचं काम होतं. अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक उघडा अशी खूण केली. हमालाला पुढे बोलवायचं, कारण सांगायचं, ते का म्हणून विचारतील, मग एक एक करून सगळंच निघेल. मी पुस्तक उघडलं. माझा आवाज तेव्हाही चांगलाच होता. त्याच आवाजात मी दुसऱ्यांदा त्याची जागा घेतली, आणि आमेन म्हणायची वेळ आली तेव्हा सर्वांत मोठ्याने आमेन म्हणाला तो एलीशा.

परतताना तो माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "लई चांगली प्रार्थना झाली, पाळकसाहेब. बाईला बरं वाटलं आसंल." त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी आयुष्यभर त्याचा ऋणी राहिलो असतो. टोमणा नव्हता.

आता एलीशाही राहिला नाही, मी निवृत्त आहे, आणि बाईंच्या कबरीवरचं नाव पावसाने पुसत आलं आहे. काळ सगळ्यावर औषध आहे, गेलेलं माणूस हळूहळू मनातून दूर जातं, असं मी शेकडो घरांत बसून सांगितलं आणि लोकांनी ते माझ्या झग्याकडे बघून खरं मानलं. ते खोटं होतं. ज्यांना दिलेला शब्द आपण पाळला, ती माणसं काळाबरोबर निघून जातात. ज्यांचा मोडला, ती इथेच थांबतात, आणि आपण जाईपर्यंत हलत नाहीत.