नवव्या खिडकीचा पडदा

“अजून थोडं दूध घाला,” गार्लंड म्हणाले.

“चहा पिताय की धुताय?”

“प्यायचा नाहीये. घाला.”

मी घातलं. गार्लंडनी कप उचलला, दिवाणखान्याच्या खिडकीशी नेला आणि ओढलेल्या पडद्याला लावून धरला. मग तोंड वाकडं करून परत आले. “आणखी एक थेंब.” तो थेंब पडल्यावर चहाचा रंग आणि पडद्याचा रंग एक झाला. गार्लंड कप घेऊन रंगाच्या डब्याकडे निघाले. चांगला चहा फुकट गेला, पण आज तक्रारीचा दिवस नव्हता. बाईसाहेब वरच्या खोलीत शवपेटीत निजल्या होत्या आणि उद्या अकराला त्यांना न्यायचं होतं.

थॉर्नकोटच्या या घरात मी बत्तीस वर्षं स्वयंपाकीण आहे. लग्न कधी केलं नाही, तरी सगळे मला मिसेस डॅबनी म्हणतात. स्वयंपाकघराची चावी हातात आली की नवरा नसतानाही बाई मिसेस होते, अशी आमच्या मोठ्या घरांतली रीत. गार्लंड घरचे रंगारी. वय त्र्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे.

घराच्या दर्शनी बाजूला वरच्या मजल्यावर नऊ खिडक्या आहेत. खरं तर आठच. डाव्या टोकाची नववी खोटी. तिच्या मागून धुराड्याची भिंत वर जाते, तिथे खिडकी निघणं शक्यच नव्हतं. पण दाराच्या उजवीकडे चार खिडक्या असताना डावीकडे तीनच, असं घर कोण बांधणार? म्हणून बांधणाऱ्यानं दगडी चौकट बसवली, आत गिलावा केला आणि बाकीचं रंगाऱ्यावर सोपवलं. काळी चकचकीत काच, पांढऱ्या पट्ट्या आणि वरून पाव भाग उतरलेला पडदा, सगळं गार्लंडच्या हातचं. फाटकातून येणारा पाहुणा हमखास फसे. रोज सकाळी मोलकरणी खऱ्या खिडक्यांचे पडदे त्या खोट्या पडद्याच्या रेषेत आणत. आमच्या घरात खऱ्यांनी खोट्याशी जुळवून घ्यायचं असे, त्याला इलाज नव्हता.

पण घरात कुणी गेलं की सगळे पडदे खालपर्यंत ओढतात. मंगळवारी बाईसाहेब गेल्या तेव्हा आठ खिडक्या मिटल्या. नववी पाऊण उघडी राहिली. गार्लंडना उद्या अकराच्या आत ती मिटायची होती.

आम्ही शिडी लावतोय तोवर मेजरसाहेब आले. बाईसाहेबांचे पुतणे आणि आता घराचे मालक. माणूस वाईट नाही, पण घराकडे असं बघतात जसं डॉक्टर आशा सोडलेल्या रोग्याकडे बघतो. जूनमध्ये घर पाडायचं ठरलं होतं. छताचं शिसं, लाकूड, दारं, सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं होतं.

“गार्लंड, हे काय चाललंय?”

“पडदा ओढतोय, साहेब.”

“तू वरून पडलास तर मला एकाच आठवड्यात दोन अंत्ययात्रा काढाव्या लागतील.”

“दुसरीला पडदे ओढू नका साहेब, तेवढंच काम कमी.”

मेजरसाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “अरे, तीन महिन्यांत ही भिंतच राहणार नाही. कुणासाठी रंगवतोस?”

“उद्या तर आहे ना, साहेब?”

“मी नको म्हणतोय ना. शिडी नेऊन ठेवा!” पाडकामाच्या मोजमापाला आलेल्या कंत्राटदाराच्या मुकादमाला त्यांनी हाक मारली.

माझं डोकं फिरलं. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. माझं वजन सांगत नाही, पण शिडी अंगणात रुतली. मुकादमाला म्हटलं, “न्यायची तर माझ्यासकट ने.” त्यानं मला एकदा नीट पाहिलं आणि टोपी सरळ करून निघून गेला. मेजरसाहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. “पडलात तर माझ्याकडे येऊ नका,” एवढं बोलून तेही गेले.

गार्लंड चढले. एकेका पायरीला गुडघ्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता.

“एवढा हट्ट कशासाठी हो?” मी खालून ओरडले. “कुणाचं लक्ष जाणार आहे?”

वर कुंचला थांबला. मग ते वरूनच म्हणाले, “एकाचं जातं. अठरा सालच्या साथीत बाईसाहेबांचे चिरंजीव ज्युलियनबाबा गेले. एकोणीस वर्षांचं पोर. आठ पडदे ओढले होते, ही मात्र विसरलो. घरच्या माणसांना ही खोटी हे ठाऊक, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईसाहेबांची बग्गी फाटकात थांबली. त्यांनी मागे वळून घर पाहिलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, गार्लंड, त्या एका खिडकीला कुणी सांगितलं नाही वाटतं.”

“रागावल्या?”

“रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतंच बोलल्या.”

बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या टेबलावर जेवला, आणि ही गोष्ट मला आज कळत होती. मला रडू आलं. मी एप्रनला नाक पुसलं आणि शिडी आणखी घट्ट धरली.

संध्याकाळपर्यंत पहिला हात झाला. रंगात तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त घातलं होतं, लवकर वाळावा म्हणून आणि चकाकू नये म्हणूनही. काच चमकते, कापड चमकत नाही. सकाळी भुरभुर पाऊस होता. गार्लंडनी चौकटीवर ताडपत्री ठोकली आणि तिच्याखाली डोकं घालून दुसरा हात दिला. साडेदहाला ताडपत्री निघाली. मी फाटकापर्यंत जाऊन पाहून आले. नऊच्या नऊ खिडक्या मिटलेल्या होत्या आणि नववी कोणती, हे मलाही मोजावं लागलं.

अकराला पेटी निघाली. इस्टेटीच्या सहा माणसांनी खांदा दिला. फाटकात मेजरसाहेब थांबले आणि मागे वळून त्यांनी घराकडे पाहिलं. अठरा साली बाईसाहेबही तिथेच थांबल्या होत्या, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली.

दफन करून परतल्यावर मोलकरणीनं रिवाजाप्रमाणे आठ पडदे वर केले. मेजरसाहेब अंगणात आले. “गार्लंड, ती केव्हा उघडणार?”

गार्लंड कुंचला धूत होते. “त्या आठ बाईसाहेबांसाठी मिटल्या होत्या, साहेब. ही घरासाठी राहू दे.”

मेजरसाहेबांनी स्वतः शिडीचं एक टोक उचललं.

जूनमध्ये पाडकाम सुरू झालं. आम्ही दोघं फाटकात उभे राहून बघत होतो. आधी छप्पर गेलं, मग काचा, चौकटी, पडदे. आठही खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसू लागलं. धुराड्याची भिंत जाड, ती शेवटी पाडायची होती. त्यामुळे डाव्या टोकाची खिडकी तेवढी शाबूत होती, पडदा खालपर्यंत ओढलेला.

गार्लंडनी ती बराच वेळ पाहिली. “उजव्या कोपऱ्यात कुंचला जरा हलला होता माझा,” ते म्हणाले, आणि आम्ही चहाला गेलो.