कुंभकोणच्या कचेरीतलं पेपरवेट

विषय : भल्याचं भलं आणि बुऱ्याचं बुरं होतं काय, याबाबत.
संदर्भ : दारासुरमचे व्यंकोबा मास्तर यांचा अर्ज, दिनांक ८ जानेवारी १९५३.

वरील विषयी सादर निवेदन की, मी एक पितळी पेपरवेट आहे. तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या भट्टीत माझा जन्म झाला. भजनाचा फुटका टाळ आणि एका वाण्याचं खोटं माप एकाच मुशीत वितळवून मला ओतलं. दोघांनाही आच सारखीच लागली. विषयाचा निकाल खरं तर तिथेच लागला होता, पण तेव्हा मी लहान होतो.

पुढे मी या कचेरीत आलो. इथून क्षयाच्या रुग्णांना दवाखान्यात खाटेसाठी शिफारसपत्र मिळतं. आलेला अर्ज गठ्ठ्यावर ठेवायचा, त्यावर मला ठेवायचं. निकालासाठी मला उचलून वरचा अर्ज घ्यायचा. रोज दहा येतात, चार निघतात. जो आधी आला तो तळाशी, हे समजायला हिशेब लागत नाही. पण ते कुणी समजून घेत नाही.

व्यंकोबा मास्तर सर्वांत आधी आले. शाळेत मुलांना फुकट शिकवणारे, एकादशीला विठ्ठलापुढे उभे राहून गाणारे. त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीबाईंना, खोकल्यातून रक्त पडत होतं. दर सोमवारी ते येत आणि बाकावर बसून राहत.

कारकून त्यागराजराव मनाचे वाईट नव्हते. मास्तरांशी ते घरच्या मराठीत बोलत.

"मास्तर, तुमचा कागद वर काढून ठेवू काय? कुणाला कळायचं नाही."

"नको हो. माझ्या आधी आलेले असतील की. त्यांच्या घरीही कुणी खोकत असेल."

"तुमच्या आधी फक्त हे टेबल आलंय, मास्तर!"

मास्तरांना तो विनोद वाटला. ते हसले, उपरणं सावरून निघून गेले.

श्रावणात सुंदरेश आला. तांदळात खडे मिसळून विकणारा व्यापारी, गावाला ठाऊक असलेला. त्याची बायकोही खोकत होती. त्याने लाच दिली नाही, दम दिला नाही. दिला असता तर निदान रागावायला माणूस तरी मिळाला असता. तो उशिरा आला, एवढंच. त्याचा कागद वर पडला आणि दुसऱ्या सकाळी निघाला. बाई खडखडीत बरी होऊन आली. सुंदरेशने कचेरीत लाडू वाटले.

त्या दिवशी सोमवार होता. बाकावरच्या मास्तरांनाही लाडू मिळाला.

"बाई बऱ्या झाल्या? देव पावला तुम्हाला," मास्तर म्हणाले. त्यांनी लाडू खाल्ला नाही. मीनाक्षीबाईंसाठी रुमालात बांधून घेतला.

सुंदरेशच्या बायकोवर माझा राग नाही. ती मरायला हवी होती, असं कोण म्हणेल? पण मग दोष कुणाचा? मी शोधून पाहिला. सापडला तो फक्त माझ्या खालचा गठ्ठा. आणि तो दाबून धरणं हे तर माझं कामच.

कार्तिकात मीनाक्षीबाई गेल्या. तेराव्यानंतरच्या सोमवारी मास्तर आले.

"त्यागराजराव, माझा अर्ज रद्द करा. आमची खाट उगाच अडकून राहायला नको. दुसऱ्या कुणाला मिळू दे."

कारकुनांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "मास्तर, तेही लेखी द्यावं लागतं."

मास्तरांनी तिथेच बसून सुंदर अक्षरात लिहून दिलं. मला उचलून तो कागद ठेवला गेला. ती खाट त्यांच्या नावावर कधी लागलीच नव्हती, हे त्यांना सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्यागराजरावांकडे होतं, तेही गप्प राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या कागदावर आणखी सहा अर्ज आले.

आज १९५८ साल आहे. त्यागराजराव निवृत्त झाले. मास्तर आता येत नाहीत. माझ्या अंगावर हिरवा गंज चढला आहे. मला कुणी गठ्ठ्यासकट उलटं करावं, अशी माझी विनंती आहे. ती कुणाकडे करायची हे ठाऊक नाही.

मास्तरांचा मूळ अर्ज आणि तो रद्द करण्याचा अर्ज, दोन्ही विचाराधीन आहेत.