दूर लढणाऱ्याचा मुलगा

"नाव मी शोधतो, तू आराम कर," असं गौरव म्हणाला आणि मी वेड्यासारखी हो म्हणून बसले. आज बाराव्या दिवशी बहरीनमधल्या आमच्या बुसैतीनच्या फ्लॅटमध्ये पाळणा सजला. टेबलावर मोबाइल उभा केला, त्यात पुण्याहून गौरवची बहीण, निवेदिताताई. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, मग ती स्क्रीनवर का असेना. शेजारच्या झोहराभाभी घुगऱ्यांचं पातेलं सांभाळत होत्या. "यल्ला, चला, पोर झोपायच्या आत उरका!"

माझं कशातच लक्ष नव्हतं. गौरवला ओमानच्या वाळवंटातल्या साइटची ऑफर आलीय. दोन वर्षं, बायको-मुलांना न्यायची सोय नाही. उद्या उत्तर द्यायचंय. विचारलं की "बघू" म्हणतो. बघू काय, डोंबल! सलमानिया हॉस्पिटलात मी कळा सोसत होते तेव्हाही हा साइटवरच होता.

"नाव दिगंत," गौरव ऐटीत म्हणाला. "पार दूरचं टोक. मेधाच्या ग्रीकांसारखं!"

एम.ए.ला मी प्राचीन ग्रीक महाकाव्यांतल्या नावांवर प्रबंध लिहिला होता. दोन शब्द जोडून नाव घडवायचं, आणि वीराच्या मुलाच्या नावात कधीकधी बापाचीच करणी गुंफायची. बाप लांबच्या लढाईवर, तर पोराचं नाव ‘दूर लढणारा’. लग्नानंतर हे मीच ह्याला कितीदा रंगवून सांगितलंय! आता भोगा.

"छान आहे ना?" त्याचा चेहरा इतका खुललेला, की मला रडूच आलं.

"म्हणजे तुझं जायचं ठरलंय," मी म्हटलं. "आणि जन्मभर मी ह्याला तुझ्या नसण्याच्या नावाने हाक मारू? मुळीच नाही. समीप ठेव."

"मेधा, अगं सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. समीप. जवळ असणारा. बापाचं वागणं लेकाच्या नावात घालायचंय ना तुला? मग हे घाल."

झोहराभाभींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. स्क्रीनवर ताई तोंड उघडं ठेवून थांबलेल्या.

गौरव पाळण्याकडे बघत राहिला. "हे नाव ठेवलं, तर मला जाता यायचं नाही गं."

"माहितीय मला."

मला वाटलं, आता उठून गॅलरीत जाईल. पण त्याने मोबाइल उचलला आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी धरला.

"ताई," तो म्हणाला, "समीप म्हण."