ओवीखालची घरघर

लोहा गावच्या वैजनाथला गाण्याचं भलतंच याड. पण सूर म्हणाल तर सा कुठला अन् रे कुठला, ह्यात पार अडाणी. असला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी नांदेडला रेकॉर्डिंगच्या क्लासला जाऊन बसला, तेव्हा गल्ली पोट धरून हसली. हसू द्या. त्याला आपल्या लेकीच्या, पुनमच्या हळदीला आईच्या ओव्या वाजवायच्या होत्या.

आई केवळाबाई पुनम जन्मायच्या आधीच गेली. वैजनाथच्या बहिणीच्या लग्नात तिनं हळदीच्या जात्यावर म्हणलेल्या ओव्या तेवढ्या एका कॅसेटवर होत्या. कॉम्प्युटरवर उतरवून घेतानाच ती जुनी फीत गुरफटली अन् तुटली. उरली ती एक फाईल. आईचा आवाज दुसरा कुठंच नव्हता.

क्लासचे सुदर्शन सर वयानं लहान, पण शिकवायला खमके. "काका, गाणं नसताना नुसती खरखर, कचरा वाजतोय तेवढा तुकडा निवडा. कॉम्प्युटर तसला आवाज सगळीकडून पुसतो. पण आधी मूळ फाईल वेगळी ठेवा."

आईनं तोंड उघडायच्या आधी जात्याची घरघर होती. वैजनाथनं नेमकी तीच निवडली. जात्याला कचरा म्हणला, बघा! बाया ओवी म्हणतात ती जात्याच्या ओढीवर, हे लोह्याच्या माणसाला सांगावं लागतंय का? पण कानाला हेडफोन लागला की अक्कल बाहेरच राहती. वर उतावळेपणात त्यानं जुन्याच फाईलवर सेव्ह केलं.

घरघर गेली. आईचा आवाज इतका लख्ख आला की वैजनाथचे डोळे भरले. दीड ओवी झाली. मग आवाज अडखळला, धाप ऐकू आली, अन् केवळाबाई स्पष्ट म्हणाली, "जातं कोण थांबिवलं गं?"

पुढं काहीच न्हाई. वीस मिनिटांची फाईल नुसती मुकी. सरांनी हेडफोन लावून ऐकलं. "काका, हे आधीपासून होतं का?" वैजनाथनं मान हलवली, न्हाई. सरांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी क्लास लवकर सोडला.

हळदीच्या सकाळी मांडवात जातं पुजलं. आपल्याच हातानं आईला पुसलं, हे वैजनाथनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आतून नुसता जळत होता. तरी फाईल लावून स्पीकरपाशी बसला. करणार काय? आता ती दीड ओवीही वाजंना, स्पीकर गप्प.

"सोड त्या डबड्याचा नाद, वैजू," शेजारची गौरम्मा म्हणाली. तिनं खुंटा धरला, दुसऱ्या सवाष्णीनं हात लावला, अन् जातं फिरलं. तशी स्पीकरमधून ओवी निघाली.

"हळद दळीता, हात माझे पिवळे,
पुनम माझी नात, रूप तिचं कोवळे..."

जिनं पुनमला कधी बघितलंच न्हाई, तिच्या तोंडी पुनमचं नाव! अगं आई गं! चटका बसल्यागत गौरम्माचा हात सुटला. बाया धडपडत मांडवाबाहेर पळाल्या. जातं थांबलं, तशी ओवीही थांबली. स्पीकरमधून फक्त धाप येत होती.

वैजनाथनं स्पीकरची वायर धरली.

"नका काढू, अप्पा," पुनम म्हणाली. तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

"नवरी बसत नसती गं जात्यावर!" गौरम्मा बाहेरून ओरडली.

पुनम बसली. दोन्ही हातांनी खुंटा धरला अन् जोर लावून ओढला.

"म्हण आजी," ती म्हणाली. "मी हाय."